घरातील यंत्रे : प्रोसेसरचा वेग कोठे गेला?

घेतलेल्या वस्तूचे माप पुरते भरून घ्यावे, हा आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा शिरस्ता आहे, व तो योग्यच आहे. दुधाचे माप काठापर्यंत भरले की नाही हे पाहणारी आजी, किंवा आणलेले कापड घरी पुन्हा एकदा मोजून पाहणारे आजोबा, ह्यांस चिकट म्हणून हसण्याचे कारण नाही. तेव्हा संगणकाच्या खोक्यावर प्रोसेसरचा जो वेग छापलेला असतो तो पदरात पडतो की नाही, अशी पृच्छा एखाद्या घरातून आली, तर ती क्षुल्लक म्हणून बाजूस सारणे बरे नव्हे. अडचण एवढीच की, दुधाचे माप एक असते. प्रोसेसरला मापे दोन-तीन असतात, आणि त्यांतील कोणते कोणत्या वेळी लावावयाचे, हे खोक्यावर कोणी लिहीत नाही.

सोलापूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे घर तीन पिढ्यांचे. घरात संगणक एकच. तो २०२० सालच्या टाळेबंदीत मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून सासऱ्यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून घेऊन दिला. आता त्यावर दीर आपल्या अशिलांची करविवरणपत्रे भरतात, थोरल्या जाऊबाई शिवणवर्गाचा हिशेब ठेवतात आणि पुतणी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची रेखाटने काढते. गेल्या काही महिन्यांपासून असे होऊ लागले आहे की, सकाळी यंत्र सुरू करताच ते बरे चालते, परंतु पाच-दहा मिनिटांत इतके मंदावते की, टंकलेले अक्षर पडद्यावर उमटण्याची वाट पाहत बसावे लागते. पुतणीने टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तो प्रोसेसरचा वेग ०.७९ गिगाहर्ट्झ, खोक्यावर मात्र २.९०. एका दुकानदाराने यंत्र न उघडताच "प्रोसेसर गेला, नवाच संच घ्या" असे सांगून पंचेचाळीस हजारांचा अंदाज दिला. पुतणीच्या फीचा हप्ताही ह्याच सुमारास भरावयाचा आहे. "मामंजी म्हणतात, संगणक आधी घेऊ, मुलगी म्हणते, मला संगणकच नको. आम्ही काय करावे?" असा बाईंचा प्रश्न आहे.

आमचे पहिले उत्तर असे की, प्रोसेसर 'जाणे' ही गोष्ट फार क्वचित घडते. आणि गेलेला प्रोसेसर सावकाश चालत नाही, तो बहुधा मुळीच चालत नाही. जो सावकाश चालतो, तो विश्रांती तरी घेत असतो, कोणाची आज्ञा तरी पाळत असतो, नाही तर जिवाच्या भीतीने हात आखडून तरी बसलेला असतो. ह्या तिहींपैकी कोणती गोष्ट घडत आहे ते घरच्या घरी, एक पैही खर्च न करता ठरविता येते. पंचेचाळीस हजारांची थैली सोडण्यापूर्वी तेवढे करावयास काय हरकत आहे?

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केलेला बरा. आपल्या घरांत टेबलाखालच्या संपूर्ण पेटीस 'सीपीयू' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक ते नाव त्या पेटीतील एका बिस्किटाएवढ्या चौकोनी तुकड्याचे, म्हणजे प्रोसेसरचे आहे. दुकानदार 'सीपीयू खराब झाला' असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पेटी आहे की तुकडा, हे विचारून घ्यावे. दोहोंच्या किमतींत पुष्कळ अंतर असते.

आता वेग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसर आपले काम ठेक्यावर करतो. हा ठेका मदरबोर्डवरून येतो, आणि हल्लीच्या यंत्रांत तो सामान्यतः सेकंदास दहा कोटी ठोक्यांचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर ह्या मूळ ठेक्यास एका आकड्याने गुणून आपली चाल ठरवितो. सोलापूरच्या पत्रातील प्रोसेसर इंटेल कोअर आय-फाइव्ह १०४०० हा आहे. त्याचा गुणक २९ धरला म्हणजे २९०० मेगाहर्ट्झ, अर्थात २.९० गिगाहर्ट्झ होतात. हा त्याचा पायाभूत वेग. परंतु तोच प्रोसेसर, काम थोडे व हवा थंड असल्यास, एखाददुसऱ्या गाभ्यापुरता ४.३० पर्यंत चढतो, आणि काम नसेल तेव्हा गुणक ८ वर आणून ०.८० वर स्वस्थ बसतो. पुतणीस दिसलेला ०.७९ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. आठ गुणिले शंभर, त्यात किंचित तूट, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे प्रोसेसर आपल्या अगदी तळच्या पायरीवर उभा आहे. तो तेथे का उभा आहे, एवढाच प्रश्न.

ही खाली उतरण्याची युक्ती कोणी व कशासाठी काढली, हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. प्रोसेसरला लागणारी वीज ही ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, तशीच विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. आणि ठोके कमी केले की दाबही कमी करून भागते. समजा, दोन्ही गोष्टी शेकडा ऐंशीवर आणल्या, तर वीज ऐंशी टक्के लागत नाही, ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ०.५१, एवढीच लागते. वेगाचा पाचवा हिस्सा सोडला की विजेचा जवळजवळ अर्धा हिस्सा वाचतो! हा हिशेब प्रथम मांडीवरच्या संगणकांच्या कामी आला. इंटेलने २००० सालच्या जानेवारीत 'स्पीडस्टेप' ह्या नावाने तो बाजारात आणला. पुढे तो मेजावरच्या संगणकांतही शिरला. त्याची उलट बाजू, म्हणजे सवड असेल तेव्हा ठरलेल्या वेगापेक्षा वर चढण्याची 'टर्बो' युक्ती, इंटेलने २००८ साली आणली. गमतीची गोष्ट अशी की, १९८०-९० च्या सुमारच्या संगणकांवर 'टर्बो' नावाची एक कळ असे. आणि तिचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होता. जुने खेळ १९८१ सालच्या आयबीएम यंत्राच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या तालावर बेतलेले असत. नव्या यंत्रावर ते इतके भरधाव धावत की खेळणाऱ्यास श्वास घेता येऊ नये! तात्पर्य, यंत्र सावकाश चालणे हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे नाही.

म्हणून पहिली परीक्षा अशी की, वेग पाहावयाचा तो काम चालू असताना पाहावा. पुष्कळ मंडळी सर्व खिडक्या बंद करून, यंत्र मोकळे करून, मगच टास्क मॅनेजर उघडतात व ०.८० पाहून घाबरतात. झोपलेल्या माणसाची नाडी मोजून तो धावत का नाही, असे विचारण्यासारखे हे आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स ह्या पानावर प्रोसेसरचा चालू वेग व पायाभूत वेग हे दोन्ही दिसतात. आता प्रोसेसरला काम द्यावे. फायली दाबून लहान करणारा 'सेव्हन-झिप' हा फुकट मिळणारा कार्यक्रम पुष्कळ घरांत असतो. त्यातच यंत्राची परीक्षा घेण्याची सोय आहे. अधिक कठोर परीक्षा हवी असेल, तर 'प्राइम-नाइन्टीफाइव्ह' आहे. हा कार्यक्रम मुळात मर्सेन जातीच्या अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी केलेला. १९९६ पासून जगभरचे हौशी गणिती आपापल्या घरचे संगणक त्यास जुंपून आले आहेत. त्यातील 'टॉर्चर टेस्ट' प्रोसेसरला इतके राबविते की त्याचे कोणतेही व्यंग लपून राहत नाही. मात्र ही परीक्षा दहा-पंधरा मिनिटांवर चालवू नये, व चालू असताना यंत्रापासून उठून जाऊ नये.

काम दिल्यावर वेग २.९० च्या वर गेला व वरच राहिला, तर प्रोसेसर निर्दोष आहे. यंत्राच्या मंदपणाचे कारण अन्यत्र शोधावे. आमच्या मते हे अन्यत्र म्हणजे बहुतेक वेळा जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असते. टास्क मॅनेजरमध्येच डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर खिळलेला दिसला, तर प्रोसेसरला बोल लावण्यात अर्थ नाही. तो बिचारा डिस्कची वाट पाहत हात बांधून उभा आहे. अशा यंत्रात एसएसडी घातली की घरची मंडळी 'नवाच संगणक आणलात काय?' असे विचारतात.

काम देऊनही वेग वर चढत नसेल, तर मग आज्ञेचा तपास करावा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलखाली वीज वापराच्या योजना असतात. कोणी काटकसरीच्या हेतूने 'पॉवर सेव्हर' निवडून ठेवलेले असते. त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे त्या योजनेच्या प्रगत मांडणीत 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असा एक आकडा असतो. तो शंभर असावयास हवा. तो पन्नासवर असला तर प्रोसेसर निम्म्या वेगावर अडणार हे उघड आहे. परंतु तो नव्याण्णववर असला तरीदेखील वर चढण्याची टर्बो युक्ती सामान्यतः बंद पडते व प्रोसेसर पायाभूत वेगाच्या वर जात नाही. एका टक्क्याने एवढा फरक पडावा हे चमत्कारिक वाटते खरे, पण आहे ते तसे आहे. तेथेच 'सिस्टिम कूलिंग पॉलिसी' नावाची ओळ असते. ती 'पॅसिव्ह' असेल तर यंत्र तापू लागताच पंखा वाढविण्याआधी प्रोसेसर मंद केला जातो. 'ॲक्टिव्ह' असेल तर आधी पंखा वाढतो. मेजावरच्या संगणकास दुसरी रीतच योग्य होय. ह्या मांडण्या घरातील उत्साही मुले पंख्याचा आवाज कमी करण्यासाठी बदलून ठेवतात व मग विसरतात, हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

आज्ञा ठीक असेल, तर उरते ती भीती. आणि आपल्या देशातील घरांत हेच कारण सर्वांत प्रबळ आहे. प्रोसेसरमध्ये उष्णता मोजणारी यंत्रणा अंगभूतच असते. वर सांगितलेल्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसची आहे. एएमडीच्या रायझन जातीच्या पुष्कळ प्रोसेसरांची ९५. ह्या मर्यादेस पोहोचताच प्रोसेसर स्वतःच ठोके कमी करतो, तेवढ्यानेही भागले नाही तर आणखी कमी करतो, आणि अखेरीस यंत्र बंद करतो. 'एचडब्ल्यू-इन्फो' हा फुकट मिळणारा कार्यक्रम प्रत्येक गाभ्याचे तपमान दाखवितो, इतकेच नव्हे तर उष्णतेमुळे वेग आवरला गेला काय, ह्याचे 'होय' किंवा 'नाही' असे सरळ उत्तरही देतो. सोलापूरच्या पत्रातील 'सकाळी बरे, पाच-दहा मिनिटांत मंद' हे वर्णन वाचताच आमचा संशय इकडे वळला होता. आज्ञेने मंदावलेला प्रोसेसर पहिल्या क्षणापासून मंद असतो. तापाने मंदावलेला आधी धावतो व मग बसतो. वेळेचा हा फरक आकड्यांइतकाच बोलका आहे.

ताप कोठून येतो? बाहेरची हवा जितकी तापते, तितके आतील तपमानही जवळजवळ त्याच प्रमाणात वर सरकते. सोलापूर, जळगाव, नागपूर ह्या बाजूस उन्हाळ्यात पारा चाळिसावर जातो. पंचविशीच्या खोलीत जो प्रोसेसर ८५ अंशांवर काम करीत असेल, तो तेथे शंभरीस टेकणार हे शाळकरी मुलासही सांगता येईल. त्यात आपली संगणकाची टेबले! पेटी ठेवण्यास तीन बाजूंनी बंद असा कप्पा, त्यास पुढे दार, आणि मागची बाजू भिंतीस टेकलेली. त्यातून निघालेली ऊन हवा जाणार कोठे? ती त्याच कप्प्यात फिरून पुन्हा आत ओढली जाते. काही घरांत तर वहिनींनी हौसेने शिवलेले झालरीचे आवरण यंत्र चालू असतानाही अर्धे चढविलेलेच असते. आवरण जरूर असावे, पण ते यंत्र बंद केल्यावर घालावे. पेटीच्या मागे वीतभर तरी मोकळी जागा ठेवावी. कप्प्याचे दार काढून टाकता आले तर उत्तमच.

धुळीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतील धूळ ही कोरडी धूळ नसते. फोडणीच्या वाफेबरोबर तेलाचे कण उडतात, देवघरातील उदबत्तीची काजळी त्यात मिळते, आणि हे मिश्रण प्रोसेसरच्या पंख्याखालील धातूच्या पात्यांत नमद्यासारखे बसते. वरून पाहिले तर पंखा फिरताना दिसतो, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते. पण त्याची हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. दिवाळीस आपण माळ्यावरची भांडीदेखील उतरवून घासतो. ही पेटी मात्र तीन-तीन वर्षे कोणी उघडीत नाही. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, व घराचे रंगकाम झाले असल्यास त्यानंतर लागलीच, ती उघडून स्वच्छ करावी.

उघडण्याची रीत अशी. यंत्र बंद करून विजेची तार काढावी, आणि मग चालू करण्याची कळ एकदा दाबून धरावी, म्हणजे आत उरलेला प्रवाह निघून जाईल. पेटी आडवी ठेवून बाजूचा पत्रा काढावा. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांत शिरणार नाही. कोरडा मऊ कुंचला व हवेचा फुंकर मारणारे यंत्र एवढी साधने पुरेत. ओले फडके कदापि वापरू नये. फुंकर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते मोकळे सोडल्यास भलत्याच वेगाने गरगरते व त्याचे बेअरिंग झिजते. एवढ्याने तपमान पंधरा-वीस अंशांनी उतरले, तर त्यात नवल वाटू देऊ नये.

तेवढ्याने भागले नाही, तर पंख्याची बैठक पाहावी. इंटेलच्या खोक्यात मिळणारा पंखा मदरबोर्डास प्लास्टिकच्या चार खुंट्यांनी बसविलेला असतो. खुंटी नीट बसली की खट् असा आवाज होतो. चारांपैकी एक जरी सुटली, तरी पंख्याखालची धातूची बैठक किंचित तिरकी होते, प्रोसेसर व ती ह्यांच्यामध्ये केसभर फट पडते, आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक असल्यामुळे तेवढ्या फटीने सर्व खेळ बिघडतो. ही फट भरण्यासाठीच मध्ये उष्णतावाहक लेप, म्हणजे ज्यास दुकानांत नुसते 'पेस्ट' म्हणतात ते, लावलेले असते. काही वर्षांनी ते सुकून त्यास भेगा पडतात. पंखा एकदा काढला की जुने लेप पुन्हा वापरू नये. आयसोप्रॉपिल अल्कोहोलने ते पुसून, नवे लेप मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढे ठेवून, वरून पंखा सरळ दाबावा. पोळीला तूप लावावे तसे सढळ हाताने लावण्याचा मोह आवरावा. लेपाचे काम फट भरण्याचे आहे, गादी घालण्याचे नव्हे. खुंट्या बसविताना समोरासमोरच्या तिरप्या जोडीने बसवाव्यात, म्हणजे दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो.

ज्यांच्या घरी एएमडीचा रायझन आहे, त्यांस एक सावधगिरीची सूचना. एएम-फोर जातीच्या बैठकीतील ह्या प्रोसेसरांच्या पोटाशी शेकडो बारीक सुया असतात, आणि लेप सुकून चिकटले असेल तर पंखा सरळ वर ओढताच प्रोसेसरही त्याबरोबर बैठकीतून उपटून येतो. सुया वाकल्या तर दुरुस्तीचे काम सोन्याच्या कारागिराच्या हाताचे होऊन बसते. म्हणून आधी काही मिनिटे यंत्र चालवून लेप ऊन होऊ द्यावे, मग यंत्र बंद करून, तार काढून, पंखा प्रथम डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवावा, व तो मोकळा झाल्यावरच उचलावा.

सोलापूरच्या बाईंस आम्ही ही परीक्षा क्रमाने लिहून कळविली होती. त्यांचे दुसरे पत्र आले आहे. काम देताच वेग ३.९ पर्यंत गेला, दोन मिनिटांत तपमान १०० वर टेकले आणि वेग कोसळून ०.७९ वर आला. पेटी उघडली तेव्हा पंख्याची एक खुंटी सुटलेली आढळली. गेल्या वर्षी घर बदलताना टेम्पोतून यंत्र नेले होते, त्या हादऱ्यांनी ती निसटली असावी असा दिरांचा तर्क आहे, व तो आम्हांस पटतो. लेपाची नळी आणण्यास जो काही शेकड्यांचा खर्च आला, तेवढाच. आता भर दुपारी पुतणीचे रेखाटन चालू असता तपमान सत्तरीच्या आसपास राहते. मुलीच्या फीचा हप्ता वेळेवर भरला गेला, हे बाईंनी पत्राच्या समासात निराळ्या शाईने लिहिले आहे. २०२० सालचे हे यंत्र काही भंगारात काढण्याजोगे नव्हते. विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला असला, तरी ह्या पिढीचे प्रोसेसर विंडोज-११ च्या मान्य यादीत आहेत.

काही ठिकाणी मात्र प्रोसेसर थंड असतो, आज्ञाही ठीक असतात, आणि तरीही वेग तळाशी खिळून राहतो. अशा वेळी संशयित असतो तो मदरबोर्ड. प्रोसेसरला वीज पुरविणारे जे भाग त्याच्या शेजारी बसविलेले असतात, ते स्वस्तातल्या बोर्डांवर उघडेच असतात व फार तापतात. ते तापले की बोर्ड प्रोसेसरला 'आवर' असा संकेत पाठवितो, आणि प्रोसेसर स्वतः थंड असूनही तो संकेत पाळतो. कधी कधी हा संकेत देणारा भागच बिघडलेला असतो व तो अकारण ओरडत राहतो. हा संकेत दाबून टाकणारे कार्यक्रम मिळतात, व ते वापरण्याचा सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. आमचे मत त्याविरुद्ध आहे. कुकरची शिट्टी वाजते म्हणून तीवर वरवंटा ठेवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात कोणी उभे राहू नये. आधी बोर्डाच्या त्या भागावर हवा जाते की नाही ते पाहावे, मग बोर्डाच्या बायोसची नवी आवृत्ती निघाली असल्यास ती घालावी, व तरीही न सुधारल्यास जाणत्या कारागिरास बोर्ड दाखवावा. येथे पैसे खर्च झाले तर ते योग्य ठिकाणी झाले असे समजावे. 'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' म्हणणारे जे कार्यक्रम आहेत त्यांस मात्र घरात थारा देऊ नये. त्यांतील काही चोरून दुसऱ्याचे काम आपल्या प्रोसेसरकडून करवून घेतात, आणि मग ताप व मंदपणा दोन्ही वाढतात.

आणखी एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे, कारण तीविषयी नेहमी विचारणा होते. प्रोसेसर काम सुरू करताच ४.० वर चढतो व अर्ध्या-एक मिनिटाने थोडा खाली येतो, तर तो दोष नव्हे. ह्या प्रोसेसरला सतत वापरण्यासाठी ६५ वॅटची मर्यादा आखून दिलेली असते. थोडा वेळ ती ओलांडण्याची मुभा असते, व मुदत संपताच ती काढून घेतली जाते. पायाभूत २.९० च्या वर तो टिकून आहे तोवर माप पुरते भरले असे समजावे. ४.३० हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असला, तरी तो सर्व सहा गाभ्यांनी सर्वकाळ पाळावयाचा करार नव्हे.

जुन्या यंत्रांचे शौकीन असलेल्या एका वाचकांचा प्रश्न उरला आहे. त्यांच्याजवळ २००३ च्या सुमाराचा एएमडी अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ आहे व तो ११०० मेगाहर्ट्झ दाखवितो. 'निम्म्याहून अधिक वेग गेला' असे ते लिहितात. तेवढा गेलेला नाही. २५०० हा आकडा मेगाहर्ट्झचा नव्हेच. एएमडीने २००१ साली अ‍ॅथलॉन एक्सपी आणला तेव्हापासून ठोक्यांऐवजी कार्यक्षमतेचा तुलनात्मक अंक छापण्याची प्रथा घातली; ह्या प्रोसेसरचा खरा वेग १८३३ मेगाहर्ट्झ आहे. मूळ ठेका १६६, गुणक ११. आता ११०० ला ११ ने भागून पाहावे म्हणजे चोर सापडतो: बोर्ड १६६ ऐवजी १०० चा ठेका देत आहे. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर हा ठेका हाताने ठरवावा लागे, आणि बोर्डावरची रुपयाएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली की बोर्ड ठरविलेले सर्व विसरून सर्वांत सावध आकड्यावर परत जाई. यंत्राचे घड्याळही प्रत्येक वेळी भलतीच जुनी तारीख दाखवीत असेल, तर बॅटरीविषयी शंका उरू नये. सीआर-२०३२ ह्या नावाने ती घड्याळाच्या दुकानात मिळते. ती बदलून बायोसमध्ये ठेका १६६ वर ठेवावा. मात्र आतील मेमरी डीडीआर-३३३ जातीची नसेल, तर १३३ वरच थांबावे.